पोत्यात सापडलेल्या बंदुकीचे जनक एव्हलिन ओवेन

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन जवानांच्या विशेष विश्वासास पात्र ठरलेल्या सबमशीनगनचे मूळ एखाद्या शस्त्रास्त्र कारखान्यात नव्हे, तर एका हौशी तरुणाच्या घरगुती प्रयोगांत होते. एव्हलिन अर्नेस्ट ओवेन हे त्या तरुणाचे नाव. त्यांचा जन्म १५ मे १९१५ रोजी न्यू साउथ वेल्समधील वोलोंगाँग येथे झाला.

शस्त्रनिर्मितीचे औपचारिक शिक्षण नसतानाही ओवेन यांनी .२२ बोअरच्या स्वयंचलित बंदुकीचा नमुना तयार केला. जुलै १९३९ मध्ये ते तो घेऊन सिडनीतील व्हिक्टोरिया बराक्स या लष्करी ठाण्यात गेले. मात्र, अशा शस्त्राची सैन्याला गरज नसल्याचे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. निराश झालेले ओवेन १९४० मध्ये स्वतःच सैन्यात भरती झाले.

आघाडीवर रवाना होण्यापूर्वी साखरेच्या पोत्यात गुंडाळलेली ती बंदूक त्यांनी शेजारी व्हिन्सेंट वॉर्डेल यांच्या घराजवळ ठेवली. वॉर्डेल हे पोर्ट केंबला येथील लायसाट कारखान्याचे व्यवस्थापक होते. या योगायोगानेच बंदुकीचे भवितव्य पालटले. वॉर्डेल यांनी लष्कराच्या संशोधनविषयक मंडळाकडे तिचा पाठपुरावा केला. १९४१ मध्ये ओवेन यांना सैनिकी सेवेतून मुक्त करून या कामासाठी कारखान्यात पाठविण्यात आले.

तरीही लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध मावळला नाही. कोणत्या बोअरची गोळी वापरावी, यावरच बराच काळ वाया गेला. अखेर सप्टेंबर १९४१ मध्ये थॉम्सन आणि स्टेन या नामांकित बंदुकांसमवेत तिची चाचणी झाली. चिखल आणि वाळूत बुडविल्यानंतरही ओवेन यांची बंदूक अडली नाही.

या यशाचे रहस्य तिच्या साध्या रचनेत होते. गोळ्यांचे मॅगझीन बंदुकीच्या वरच्या बाजूस उभे बसविलेले असे आणि रिकामी काडतुसे खालून बाहेर पडत. त्यामुळे आत शिरलेली घाणही खाली गळून जाई. बंदुकीच्या आतील आडपडद्यामुळे चिखल मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचत नसे. न्यू गिनीच्या दलदलीच्या जंगलांत जपानी फौजांशी लढणाऱ्या जवानांसाठी हे गुण मोलाचे ठरले. १९४२ पासून युद्धकाळात अशा सुमारे ४५ हजार बंदुका तयार झाल्या. पुढे कोरियातील युद्धात आणि १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्येही तिचा वापर झाला.

स्वामित्वधन आणि हक्कांच्या विक्रीतून ओवेन यांना सुमारे १० हजार पौंड मिळाले. त्यातून त्यांनी वोलोंगाँगजवळ लाकडाची वखार उभारली आणि बंदुकांवरील प्रयोग सुरूच ठेवले. अविवाहित आणि एकाकी असलेल्या ओवेन यांना मद्याचे व्यसन जडले. १ एप्रिल १९४९ रोजी हृदयक्रिया बंद पडून वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या सैन्याने त्यांना प्रथम दारातूनच परत पाठविले होते, त्याच सैन्याचे जवान त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे त्यांच्या नावाची बंदूक खांद्यावर वागवीत होते.