धारोष्ण दुधातला ताप शोधणारी शेतकऱ्याची लेक : ॲलिस इव्हान्स

गाय धडधाकट दिसते, धार काढणाऱ्याचे हात धुतलेले आहेत, चरवी लख्ख घासलेली आहे. तरी त्याच दुधातून माणूस महिनोन्महिने तापानं अंथरूण धरू शकतो. ही गोष्ट अमेरिकेत आधी कुणाला पटत नव्हती. ती पटवून देण्यात ॲलिस कॅथरीन इव्हान्स यांची ऐन उमेदीची वर्षं गेली.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८८१ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नीथ या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात. शिकायची हौस दांडगी, पण कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. त्या काळी बाईमाणसाला शाळेत शिकवण्याशिवाय फारसं दुसरं काम मिळत नसे, म्हणून चार वर्षं त्यांनी शाळेवर काढली. मग कॉर्नेल विद्यापीठानं खेड्यातल्या शिक्षकांसाठी निसर्ग अभ्यासाचा मोफत कोर्स काढला. त्या तिथं गेल्या आणि विज्ञानाच्या वाटेला लागल्या. १९०९ मध्ये जीवाणूशास्त्राची पदवी, पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी. पीएचडी मात्र त्यांनी केली नाही.

१९१० मध्ये सरकारी पशुसंवर्धन खात्याच्या दुग्ध विभागात नोकरी लागली. आधी मॅडिसन शहरात, १९१३ पासून वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत. एक बाई शास्त्रज्ञ म्हणून येतेय हे कळल्यावर तिथल्या साहेब लोकांचे चेहरेच उतरले होते म्हणे. काम काय, तर ताज्या दुधात कोणते जीवाणू असतात आणि ते येतात कुठून, हे तपासायचं.

त्या वेळी दोन आजार वेगवेगळे समजले जात. एक माल्टा ताप. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना हा ताप यायचा. आज उतरला की उद्या चढायचा, सांधे धरायचे, घामानं अंग भिजायचं. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी तो शेळ्यांमध्ये शोधून काढला. तिथं शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देत, म्हणजे ताज्याहून ताजं दूध. सैनिकांचं ते दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला.

दुसरा आजार गाई गाभडण्याचा. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत वासरू टाकते, वार अडकते. ज्याच्या गोठ्यात हे घडलंय त्याला जास्त सांगायला नको. याचा जंतू १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी शोधला होता. तो कांडीसारखा म्हणून पुस्तकात नोंदला गेला, तर माल्टाचा जंतू गोल म्हणून. एक माणसांच्या डॉक्टरांकडचा, दुसरा जनावरांच्या. दोघांना शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

ॲलिसबाईंनी नेमकं तेच केलं. दोन्ही जंतू एकमेकांचे सख्खे भाऊबंद निघाले. शिवाय वरून निरोगी दिसणाऱ्या गाईच्या कासेतूनच हा जंतू दुधात उतरतो, हेही दिसलं. म्हणजे नुसत्या स्वच्छतेनं भागत नाही, दूध तापवलंच पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी हे जीवाणूशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं, १९१८ मध्ये छापलं.

लोकांनी उडवून लावलं. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही पटेना. खरं असतं तर आधी कुणाला कसं दिसलं नाही, हा सवाल. त्यात बाई, त्यात पीएचडी नाही. दूधवाल्यांचा राग वेगळाच. दूध तापवायची यंत्रं विकणाऱ्यांशी या बाईचं साटंलोटं असावं, असा संशयही घेतला गेला. दूधवाल्याच्या बाजूनंही बघायला हवं. यंत्राचा खर्च त्याच्या बोकांडी बसणार होता आणि त्याची गाय तर चांगली चरत होती.

१९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी ॲलिसबाईंचं म्हणणं बरोबर ठरवलं. ब्रूस यांच्या नावावरून त्या जंतूंना ब्रुसेला नाव मिळालं आणि आजाराला ब्रुसेलोसिस.

पण १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करता करता तोच जंतू त्यांच्या अंगात शिरला. ताप, अंगदुखी, थकवा. बरं वाटायचं आणि पुन्हा उलटायचं. तपासणीत काही सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी हा मनाचा खेळ ठरवला. आजारपणाहून हे जास्त लागणारं. १९२८ मध्ये एका शस्त्रक्रियेत त्यांच्या शरीरात जंतू सापडला, तेव्हा कुठं तोंडं बंद झाली. दुखणं मात्र जवळजवळ वीस वर्षं पुरलं. त्याच १९२८ साली अमेरिकन जीवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेनं त्यांना अध्यक्ष केलं, त्या पदावरची पहिली बाई.

१९२४ मध्ये अमेरिकी सरकारनं दुधासाठी नमुना नियमावली काढली होती. १९३० च्या दशकात शहरामागून शहरं पाश्चरायझेशन सक्तीचं करत गेली. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की ब्रुसेला मरतो. आपल्या चुलीवरची उकळी त्याहून कितीतरी कडक. १९८७ पासून तिथं कच्चं पिण्याचं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे. राज्याच्या आत मात्र ज्याचा त्याचा कायदा, काही ठिकाणी ते आजही मिळतं.

आपल्याकडे दूध उकळायची पद्धत जुनी असली तरी गोठ्यातच धारोष्ण पेला लावणारे कमी नाहीत. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं ओढणारे तर गावोगाव आहेत, आणि हा जंतू त्या वाटेनंही शिरतो. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस देतात. ती एकदाच द्यायची असते.

ॲलिसबाई १९४५ मध्ये निवृत्त झाल्या. ५ सप्टेंबर १९७५ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.