राजाईची फिर्याद
संत नामदेवांच्या संसाराची एक बाजू

पंढरपुरातली रात्र. दोन प्रहर उलटून गेलेले. सगळीकडे सामसूम आहे आणि एक बाई रखुमाईपुढे एकटीच उभी आहे. ती नवस बोलायला आलेली नाही, फिर्याद घेऊन आली आहे. तुमच्या यजमानांनी माझ्या नवऱ्याला वेड लावले, आता तुम्हीच त्यांना चार शब्द सांगा, असे तिचे म्हणणे. घरात धड वस्त्र नाही, भांडे नाही, खाणारी तोंडे चौदा, आणि घरधनी लाजलज्जा सोडून रात्रंदिवस नाचतो आहे!

ही बाई म्हणजे राजाई, संत नामदेवांची पत्नी. नामदेवांच्या गाथेत राजाईच्या नावावर थोडे अभंग आहेत, त्यांत हा प्रसंग येतो. मोठ्या माणसाच्या बायकोने आपले दुःख असे उघडपणे मांडल्याची इतकी जुनी उदाहरणे मराठीत फार थोडी सापडतील.

कवी आणि गायक यांच्या प्रेमजीवनाबद्दल लोकांना नेहमीच कुतूहल असते. नामदेव तर दोन्ही होते. स्वतः रचायचे आणि स्वतःच टाळ-वीणेच्या साथीने उभे राहून गायचे, हा त्यांचा धर्म. वारकरी कीर्तनाच्या परंपरेत आद्य कीर्तनकाराचा मान त्यांच्याकडे जातो. पण त्यांच्या प्रेमाची गोष्ट निघाली की आपण लगेच विठ्ठलाकडे वळतो. घरात वाट पाहणाऱ्या राजाईपाशी फारसे कोणी थांबत नाही. बोलतानाही आपण नामदेवांनी म्हणतो आणि राजाईने म्हणतो. आदराचे अनेकवचन एकाच्याच वाट्याला!

कयाधूकाठचे घराणे

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. आज हे गाव नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण घराण्याचे मूळ गाव म्हणून नरसीचा मान परंपरेने मानला आहे. जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०. वडील दामाशेटी, आई गोणाई. जात शिंप्याची, व्यवसाय कापड आणि शिलाईचा.

त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झाले. राजाई ही गोविंदशेट सदावर्ते यांची मुलगी, असे परंपरा सांगते. दोघांना नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे आणि लिंबाई ही मुलगी. पुढे लाडाई, गोडाई, येसाई आणि साकराई या चार सुना घरात आल्या. नामदेवांची बहीण आऊबाईही याच कुटुंबात धरली जाते. जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात या साऱ्यांची नावे ओळीने येतात. सासू, सासरा, नवरा, बायको, चार मुलगे, चार सुना, लेक आणि नणंद अशी बेरीज केली तर ती बरोबर चौदा भरते. राजाईने रखुमाईला सांगितलेला आकडा हाच. गाऱ्हाणे सांगताना तिने उगाच फुगवून सांगितलेले नाही. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब सहसा चुकत नाही!

तिसरा कोण?

या संसारात नवरा-बायकोच्या मध्ये एक तिसरा उभा होता. ती सवत असती तर राजाईला तिच्याशी भांडता आले असते. माहेर गाठता आले असते, चार वडीलधाऱ्यांना मध्ये घालता आले असते. पण हा तिसरा साक्षात पांडुरंग! त्याच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? राजाईने यातून वाट काढली ती मोठी शहाणपणाची. ती देवाकडे गेली नाही, देवाच्या बायकोकडे गेली. संसार म्हणजे काय, हे दुसऱ्या संसारी बाईलाच कळणार.

सासू गोणाईचेही दुःख तेच होते. गाथेत आई आणि मुलगा यांचे संवाद आहेत. त्यांत गोणाई मुलाला धंद्याकडे, घराकडे वळवू पाहते, आणि माझे लेकरू मला परत दे म्हणून विठ्ठलाशी हुज्जत घालते. एरवी सासू-सुनेचे पटत नाही म्हणतात; इथे दोघी एकाच बाजूला आहेत.

त्याच घरात जनाबाईही होती. गोदाकाठच्या गंगाखेडहून लहानपणी आलेली ही मुलगी दामाशेटींच्या घरी राबत वाढली. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, घरकामाला हात लावतो. म्हणजे एकाच छपराखाली दोन बायका, आणि दोघींचा विठ्ठल वेगळा. जनीला तो कामात सोबत करतो, राजाईच्या हाताखालचा माणूस मात्र तो काढून नेतो. जनीच्या विठ्ठलाच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. राजाईचा विठ्ठलही तितकाच खरा होता, हे मात्र विसरतो.

परिसाची गोष्ट

महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयात राजाईची एक कथा येते. परिसा भागवताकडे परीस होता. राजाईची ओढाताण पाहून परिसाच्या बायकोने तो तिला थोड्या वेळापुरता दिला. राजाईने घरातले लोखंड सोन्याचे केले, बाजारहाट केला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर स्वयंपाक रांधला. नामदेव घरी आले, हे कुठून आले म्हणून विचारले, आणि परीस नेऊन चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत भांडायला आला, तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दाखवले. ते सगळेच परीस!

कीर्तनात ही कथा नामदेवांचे वैराग्य सांगण्यासाठी येते आणि ते योग्यच आहे. पण ऐकताना क्षणभर त्या चुलीकडेही पाहावे. राजाईला दागिने घालून मिरवायचे नव्हते. तिला भरलेले डबे हवे होते. नामदेवांना परीस आणि खडा सारखाच होता, कारण चौदा पानांची काळजी दुसरेच कोणी वाहत होते.

लांबचे प्रवास

पुढे ज्ञानदेवांची भेट झाली. औंढा नागनाथ, तेही आजच्या हिंगोली जिल्ह्यातलेच. तिथे विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरूपदेश केला, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेत गेले आणि दीर्घकाळ पंजाबात राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्याने.

एका मराठी शिंप्याचे शब्द पंजाबात रोज गायले जातात, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण या लांबच्या वाटचालीचे मोल घरातही कोणी तरी चुकते केले. मुलांना वाढवणे, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना सांभाळणे, सुनांना घरात रुळवणे, हे सारे कुणाच्या अंगावर पडले असेल ते वेगळे सांगायला नको. शिवाय त्या घरातली मुलेही अभंग रचणारी निघाली. जिच्या घरात धान्याची वानवा, तिच्या घरात शब्दांची मात्र कधी वानवा पडली नाही.

हे अभंग कुणाचे?

राजाईचे अभंग खरोखर तिनेच रचले का, अशी शंका घेतली जाते. नामदेवांनी स्वतः तिच्या तोंडी घातले असतील, किंवा नंतरच्या एखाद्या कवीने लिहिले असतील. तिचे असतील तर सातशे वर्षांपूर्वीच्या एका गृहिणीने आपले म्हणणे बिनधास्त मांडले, ही मोठीच गोष्ट. आणि नामदेवांचे असतील तर ती त्याहून हृद्य. मग त्याचा अर्थ असा की, बायकोचे बोल त्यांच्या कानाआड गेले नव्हते. ते मनात राहिले आणि आपल्यावरचा आरोप त्यांनी आपल्याच गाण्यात जपून ठेवला.

तेराव्या शतकातच दक्षिण फ्रान्समध्ये त्रूबादूर नावाचे कवी-गायक होते. ते प्रेमगीते रचत, पण बहुधा दुसऱ्याच्या, एखाद्या सरदाराच्या पत्नीला उद्देशून. त्यांच्या घरच्या बायकोला त्या गाण्यात जागा नसे. नामदेवांच्या गाथेत घरची बायको येते, रागावते, हिशेब मांडते. तिने प्रेमाचा शब्द उच्चारलेला नाही. पण ज्याच्यावर आपला हक्क वाटतो, त्याच्यासाठीच माणूस मध्यरात्री फिर्याद घेऊन जातो.

शके १२७२, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली, असे वारकरी मानतात. पंजाबातली परंपरा त्यांचा शेवट घुमानला झाल्याचे सांगते. पंढरपूरच्या कथेनुसार त्यांच्याबरोबर सारे कुटुंबही समाधिस्थ झाले. मागे राहिली ती बाळंतपणासाठी गेलेली लाडाई. तिथली पायरी आज नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते, आणि देवळात शिरण्याआधी वारकरी तिच्यावर डोके टेकवतात. ज्या देवाने नवरा नेला म्हणून राजाई रखुमाईपाशी गेली, त्याच देवाच्या दारात ती अखेर नवऱ्याच्या सोबतीने विसावली. पायरीला हात लावताना नामदेवांबरोबर तिचेही नाव घ्यायला हरकत नाही.