संन्यास न घेता संत झालेल्या एकनाथांचं घर नेमकं कसं चालायचं?

छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर गेलं की पैठण लागतं. तिथं गावात एकनाथ महाराजांचा वाडा आहे आणि त्या वाड्यात एक रांजण आहे. नाथषष्ठीच्या आधी तो पाण्यानं भरायची प्रथा आजही पाळली जाते. रांजण भरला की देव येऊन गेला, असं लोक मानतात. का? तर श्रीखंड्या नावाचा गडी बनून खुद्द कृष्णानं या घरात १२ वर्षं पाणी भरलं, अशी कथा आहे.

आता देवाला पाणी भरायला यावं लागलं म्हणजे घरात माणसांचा राबता किती असेल, याचा अंदाज करा. कारण नाथ काही जंगलात जाऊन बसलेले साधू नव्हते. बायको, एक मुलगा, दोन मुली, पाहुणे, भिक्षेकरी असं भरलेलं घर त्यांनी आयुष्यभर चालवलं.

नाथांचा जन्म साधारण १५३३ चा. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरहून परत आणली असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते संत भानुदास त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी सांभाळलं. कोवळ्या वयातच हा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला, म्हणजे दौलताबादला पोचला. तिथले जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या चाकरीतले अधिकारी. किल्ल्याचा कारभार बघायचे आणि दत्ताची उपासनाही करायचे. म्हणजे संसार, नोकरी आणि भक्ती एकत्र करता येते, हे नाथांना पोथीतून शिकावंच लागलं नाही.

गुरूकडे त्यांच्याकडं काम होतं हिशेबाचं. एकदा एका पैचा मेळ लागेना म्हणून ते रात्रभर वह्या घेऊन बसले, चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळ्या पिटल्या. एका पैसाठी एवढी एकाग्रता होत असेल तर ती देवाकडं लाव, असं जनार्दनस्वामींनी त्यांना सुचवलं, अशी ही प्रसिद्ध गोष्ट. पुढं तीर्थयात्रा झाली आणि गुरूंच्या आज्ञेनं नाथ पैठणला परतून गिरिजाबाईंशी लग्न करून राहिले.

अडचण पैठणचीच होती. दक्षिणेतली काशी म्हणवणारं हे गाव. धर्माचा निवाडा इथं व्हायचा. निवृत्ती-ज्ञानदेव भावंडांना शुद्धिपत्रासाठी इथंच यावं लागलं होतं, अशी परंपरा आहे. अशा गावात नाथांचा दिवस सुरू व्हायचा गोदावरीच्या स्नानानं. मग पूजा, पोथी, आल्यागेल्याला जेवण, रात्री कीर्तन. यात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. पण पंगतीला कोण बसणार आणि कीर्तन कोण ऐकणार, हे नाथ जात बघून ठरवत नव्हते.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं एक लहान पोर गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडत होतं. स्नान करून येणाऱ्या नाथांनी त्याला कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. दुसरी गोष्ट श्राद्धाची. ब्राह्मणांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या एका भुकेल्या दलित कुटुंबाला आला. नाथ आणि गिरिजाबाईंनी त्यांना आत बोलावून तेच अन्न वाढलं. पुन्हा नवा स्वयंपाक केला, पण ब्राह्मण जेवायला तयार होईनात. कथा म्हणते की मग पितर स्वतःच येऊन जेवले.

यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी गिरिजाबाई उरतातच. एवढ्या मंडळींचा स्वयंपाक दुसऱ्यांदा चुलीवर चढवणारी ती बाई. नाथांच्या मोठेपणात तिच्या कष्टांचा वाटा फारसा कुणी मोजत नाही.

या कथा बऱ्याचशा महिपतींनी लिहिलेल्या चरित्रांतून घरोघर गेल्या, आणि महिपती अठराव्या शतकातले. म्हणजे नाथांनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी त्या अशा रूपात लिहिल्या गेल्या. नाथांचे ग्रंथ मात्र त्यांचे स्वतःचे आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहिली, ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. ओव्या अठरा हजारांहून जास्त. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून, घुसडलेले पाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. पैचा हिशेब लावणाऱ्या माणसालाच सुचावं असं काम! शिवाय विंचू, दादला, जोशी, गोंधळी असे रोजचे विषय घेऊन भारुडं रचली, अगदी हिंदू आणि तुर्क यांचा संवादसुद्धा.

पण मराठीचा हा हट्ट सगळ्यात जास्त खटकला तो घरातच. मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला सोसेना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले, तेव्हा त्यानं दोन अटी घातल्या. परान्न घ्यायचं नाही आणि मराठीतून पुराण सांगायचं नाही. ज्या दोन गोष्टींसाठी गावाचा रोष पत्करला होता, त्याच मुलासाठी सोडायची पाळी आली. नाथांनी कबूल केलं.

पैठणला आल्यावर पुराण हरिपंडित सांगू लागला, संस्कृतातून. हळूहळू ऐकणारे कमी झाले. नाथ गप्प राहिले. पुढं एक गरीब विधवा आली. हजार ब्राह्मणांना जेवू घालायचा तिचा नवस होता, पण ऐपत नव्हती. नाथ एकटे जेवले तरी हजारांचं पुण्य मिळेल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मुलाची अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितालाच करायला लावून नाथ तिच्याकडं जेवले. नंतर तो पत्रावळ उचलू लागला तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या, अशी कथा आहे. हरिपंडितानं अटी मागं घेतल्या आणि घरात पुन्हा मराठी पुराण सुरू झालं.

१९३५ साली प्रभातनं नाथांवर सिनेमा काढला, त्यात नाथ झाले होते बालगंधर्व. नाव ठेवलं होतं 'महात्मा', पण त्यात इंग्रजांच्या सेन्सॉरला गांधीजी दिसले आणि ते बदलून 'धर्मात्मा' करावं लागलं.

नाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. भावार्थ रामायण युद्धकांडातच थांबलं होतं. ते पुरं केलं गावबानं, हा त्यांच्याच घरात वाढलेला शिष्य. आणि नाथांच्या पादुका घेऊन पैठणहून पंढरपूरची वारी सुरू केली, असं परंपरा सांगते, ती हरिपंडितानं.