जॉर्ज सायमन ओहम : चूक शोधणारे शिक्षक

विज्ञानाच्या तासाला आपण सर्वजण ओहमचा नियम पाठ करतो. पण तो शोधणारे गृहस्थ एका शाळेत शिक्षक होते, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. स्वतः वाचून मिळवलेले गणित व विज्ञान त्यांनी मुलांना घरीच शिकवले. पुढे १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत शिकवू लागले आणि फावल्या वेळात शाळेच्या प्रयोगशाळेत प्रयोग करू लागले.

तार लांब केली की विजेचा प्रवाह किती घटतो, हे त्यांना मोजायचे होते. १८२५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र चुकीचे निघाले. प्रयोग चालू असतानाच बॅटरीचा जोर ओसरत असे. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी बॅटरी सोडून तांबे व बिस्मथ यांचा जोड घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात! तापमानातील फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम. मग सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने प्रवाह मोजला. १८२६ साली खरा नियम हाती आला.

१८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला, पण मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ साली न्यूरेंबर्गला पुन्हा चांगली जागा मिळेपर्यंत दिवस ओढगस्तीचे गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, त्यांचे निधन झाले.

आज शास्त्रज्ञ सोन्याची बारीक तार ताणत ताणत शेवटी एकाच अणूचा सांधा उरवतात आणि त्यातून जाणारी वीज मोजतात. तेथे लांबी-जाडीचा हिशेब लागू पडत नाही. प्रवाह टप्प्याटप्प्याने घटतो आणि एका अणूच्या सांध्याचा रोध सुमारे १२,९०० ओहम भरतो. नियमाची हद्द संपली, तरी मोजण्याचे एकक ओहमच!

तेव्हा प्रयोगाचे उत्तर चुकले, तर आपण वही मिटायची नाही. आधी आपली बॅटरी तपासायची.