थोर गणिती अल्-ख्वारिज्मी

शाळेत बीजगणिताचा तास सुरू झाला की पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. या अक्षरांच्या बेरीज-वजाबाकीचा संसारात उपयोग काय, असे एखादा धीट मुलगा विचारतोही. परंतु या विषयाला ज्यांनी प्रथम स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले, त्यांनी आपला ग्रंथ परीक्षेसाठी लिहिला नव्हता. मयताच्या मालमत्तेची वाटणी, मृत्युपत्रे, खरेदी-विक्री, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई या कामांत लोकांची अडचण होऊ नये, या हेतूने तो लिहिला होता. ते थोर गणिती म्हणजे मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी. आज आपली मुले जावा, सी प्लस प्लस यांसारख्या भाषांतून संगणकाचे प्रोग्राम लिहावयास शिकत आहेत. त्यांच्या पुस्तकांत ‘अल्गोरिदम’ हा शब्द वारंवार येतो. हा शब्द याच पुरुषाच्या नावावरून आला आहे. म्हणून त्यांच्या जीवनकार्याचा परिचय आपल्या विद्यार्थ्यांना असणे अगत्याचे आहे.

अल्-ख्वारिज्मी यांचा जन्म इ. स. 780 च्या सुमारास झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेस आमू दर्या नदीच्या काठी ख्वारिज्म नावाचा प्रदेश आहे. आज त्याचा काही भाग उझबेकिस्तानात व काही तुर्कमेनिस्तानात मोडतो. या प्रदेशावरूनच त्यांना अल्-ख्वारिज्मी हे नाव पडले. त्यांचे कार्यक्षेत्र मात्र बगदाद हे होते. खलिफा अल्-मन्सूर यांनी 762 साली वसवलेले हे शहर दोन पिढ्यांत विद्येचे मोठे केंद्र बनले होते. 813 ते 833 या काळात गादीवर असलेले खलिफा अल्-मामून स्वतः विद्येचे चाहते होते. त्यांच्या आश्रयाने ‘बैतुल हिकमा’ म्हणजे ज्ञानगृह भरभराटीस आले. तेथे ग्रीक, फारसी व संस्कृत ज्ञानाचा अभ्यास चाले, ग्रंथांची भाषांतरे होत, आकाशाचे वेध घेतले जात. तेथे काम करणारे विद्वान निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या धर्मांचे होते. ज्ञान कोणाकडून घ्यावे याला त्यांनी बंधन मानले नाही. अल्-ख्वारिज्मी यांची कर्तबगारी याच वातावरणात फुलली.

त्यांच्या कार्याचा आपल्या भारताशी फार जवळचा संबंध आहे. अल्-मन्सूर यांच्या कारकिर्दीत भारतीय ज्योतिषाचा संस्कृत ग्रंथ बगदादला पोहोचला होता. ब्रह्मगुप्ताने 628 साली रचलेल्या ब्रह्मस्फुटसिद्धान्ताच्या परंपरेतील हे ज्ञान होते. त्याचा आधार घेऊन अल्-ख्वारिज्मी यांनी ग्रह-ताऱ्यांची कोष्टके तयार केली. ती ‘झीज अल्-सिंदहिंद’ या नावाने ओळखली जातात. भूगोलावरील ग्रंथात त्यांनी सुमारे 2400 स्थळांचे अक्षांश व रेखांश नोंदवले. टॉलेमीने दिलेली भूमध्य समुद्राची फाजील लांबीही त्यांनी दुरुस्त केली. जुन्या आचार्यांचा मान राखूनही त्यांची चूक सुधारता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरे मोठे काम म्हणजे भारतीय अंकांवरील पुस्तक. नऊ अंक व शून्य एवढ्याच चिन्हांनी कितीही मोठी संख्या कशी लिहावी आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार पायरीपायरीने कसे करावे, हे त्यांनी समजावून सांगितले. या पुस्तकाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचा उच्चार ‘अल्गोरित्मी’ असा होऊन बसला. युरोपात अंकांनी हिशेब करण्याच्या रीतीला लोक त्याच नावाने ओळखू लागले. पुढे पायऱ्या निश्चित असलेल्या, ठरावीक पायऱ्यांत संपणाऱ्या व कोणीही केली तरी तेच उत्तर देणाऱ्या प्रत्येक रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणू लागले. संगणकाला स्वतःची अक्कल नसते, त्याला अशीच रीत लागते. त्यामुळे हा जुना शब्द विसाव्या शतकात नव्या शास्त्राचा पाया बनला.

परंतु अल्-ख्वारिज्मी यांची खरी कीर्ती त्यांच्या ‘अल्-जब्र वल्-मुकाबला’ या ग्रंथावर उभी आहे. अल्-मामून यांच्या प्रोत्साहनाने लिहिलेला हा ग्रंथ त्यांनी त्यांनाच अर्पण केला. ‘जब्र’ म्हणजे समीकरणातील वजा केलेला भाग दुसऱ्या बाजूस मिळवून उणीव भरून काढणे. मोडलेले हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. ‘मुकाबला’ म्हणजे दोन्ही बाजूंचे सारखे भाग समोरासमोर धरून वजा करणे. यातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून इंग्रजीतील ‘अल्जेब्रा’ हा शब्द आला.

या ग्रंथात आजच्यासारखी चिन्हे नाहीत. सर्व गणिते शब्दांत सांगितली आहेत. तरीही त्यातील मांडणी पाहून आश्चर्य वाटते. वर्ग, वर्गमूळ आणि साधी संख्या या तीनच गोष्टी धरून त्यांनी समीकरणांचे सहा प्रकार ठरवले. समोर आलेले गणित कोणतेही असो, जब्र व मुकाबला करून ते या सहांपैकी एका प्रकारात बसवावयाचे आणि त्या प्रकारासाठी नेमलेली रीत चालवावयाची. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : एका संख्येच्या वर्गात त्या संख्येची 10 पट मिळवली तर 39 होतात, तर ती संख्या कोणती? रीत अशी की 10 चे निम्मे करा, 5 आले. त्याचा वर्ग 25, तो 39 मध्ये मिळवा, 64 झाले. त्याचे वर्गमूळ 8, त्यातून 5 वजा करा. उत्तर 3. ही रीत का लागू पडते, हे त्यांनी चौरसांची आकृती काढून सिद्ध करून दाखवले. रीत पाठ करून घेणे आणि तिचे कारण पटवणे यांतील फरक आम्हा शिक्षकांनीही येथून घ्यावा.

आता आजच्या काळाकडे वळू. 1960 च्या दशकात नॉर्वेमधील ओस्लो येथे ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड या दोन शास्त्रज्ञांनी ‘सिम्युला’ ही संगणकभाषा तयार केली. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे वस्तूंना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या भाषांची सुरुवात तेथून झाली. 1985 साली सी प्लस प्लस व 1995 साली जावा या भाषा जगापुढे आल्या. या पद्धतीत आधी व्यवहारातील गोष्टींच्या जाती ठरवतात. अशा जातीला ‘क्लास’ म्हणतात. त्या जातीजवळ कोणती माहिती असावी व तिने कोणते काम करावे, हे एकाच ठिकाणी लिहितात. मग त्या नमुन्यावरून हव्या तितक्या प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’, तयार करता येतात. राळेगावच्या परिसरातील उदाहरण घ्यावयाचे तर मालखरेदीच्या प्रोग्रामात ‘शेतमाल’ ही सर्वसाधारण जात राहील. वजन, भाव व रक्कम या गोष्टी तिच्यात येतील. कापूस, तूर, सोयाबीन या तिच्या पोटजाती होतील आणि प्रत्येकीचा ओलाव्याचा किंवा कचऱ्याचा नियम तिच्याजवळच राहील. उद्या हरभरा आला तर जुने काही न मोडता एक पोटजात वाढवली की झाले. मूळ जातीचे गुण पोटजातीकडे येणे, याला या शास्त्रात ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारसा असेच नाव आहे.

योगायोग असा की अल्-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाचा जवळजवळ निम्मा भाग खऱ्याखुऱ्या वारशालाच वाहिलेला आहे. इस्लामी कायद्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. पत्नीला मूलबाळ असेल तर पतीला चौथा हिस्सा, नसेल तर निम्मा. पतीला मूलबाळ असेल तर पत्नीला आठवा, नसेल तर चौथा. मुलगा व मुलगी दोघेही असतील तर मुलाला मुलीच्या दुप्पट. परके माणूस मृत्युपत्रात असेल तर हिशेब आणखी गुंततो. त्यांनी घेतलेले एक उदाहरण पाहा. एक स्त्री पती, एक मुलगा व तीन मुली मागे ठेवून वारली. आपल्या मालमत्तेचा आठवा व सातवा मिळून भाग तिने एका परक्या माणसास देऊ केला होता. अल्-ख्वारिज्मी मालमत्तेचे 1120 भाग करतात. त्यांतील 300 परक्या माणसास, 205 पतीस, 246 मुलास व प्रत्येक मुलीस 123. बेरीज करून पाहा, बरोबर 1120 भरते.

हेच काम करणारा प्रोग्राम आपल्या वरच्या वर्गातील किंवा महाविद्यालयातील विद्यार्थी लिहू शकतात. ‘वारसदार’ ही मूळ जात, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील या पोटजाती, आणि प्रत्येकाच्या हिश्श्याचा नियम त्याच्याजवळ. मात्र घाईने लिहिणाऱ्याची येथे फसगत होते. एखादी स्त्री पती व दोन सख्ख्या बहिणी ठेवून वारली, तर पतीचा निम्मा आणि बहिणींचे दोन तृतीयांश मिळून एकाहून अधिक होतात. अशा वेळी ‘औल’च्या नियमाने एकूण 7 भाग करून पतीस 3 व बहिणींना मिळून 4 देतात. हा नियम कोणा एका वारसदाराचा नाही, तो सगळ्या वाटणीचा आहे. म्हणून ‘वाटणी’ ही वेगळी जात करून तो तिच्याकडे सोपवावा लागतो. कर्ज व मृत्युपत्राची रक्कम आधी काढणे आणि शेवटी सर्व हिश्शांची बेरीज मूळ मालमत्तेइतकी भरते की नाही हे तपासणे, हीसुद्धा वाटणीचीच कामे. भाषेचे नियम पुस्तकातून शिकता येतात, परंतु कोणते काम कोणाचे हे ओळखण्यासाठी तो व्यवहार मुळातून समजावा लागतो.

येथे मन मोकळे करून एक गोष्ट लिहितो. मुलीचा हिस्सा बाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या या गणित्याने 1120 भागांतील 123 इतका काटेकोर काढून दाखवला. परंतु आज आपल्यातील अनेक घरांत बहिणीकडून मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तिचा हिस्सा किती होता हे तिला कोणी सांगतही नाही. संगणक भीड धरत नाही. आपल्या एखाद्या विद्यार्थिनीने असा प्रोग्राम लिहून घरच्यांसमोर ठेवला, तर निदान आकडा तरी सर्वांना दिसेल. देणे-न देणे मग ज्याच्या त्याच्या इमानावर आहे.

अल्-ख्वारिज्मी यांनी संगणकाचा शोध लावला, असे काही उत्साही मंडळी सांगतात. ते वस्तुस्थितीला धरून नाही. त्यांनी यंत्र केले नाही. ज्ञानाची देवाणघेवाणही एकतर्फी नव्हती. त्यांनी भारताचे अंक घेतले, तर पुढे 1587 साली अकबराच्या दरबारातील फैजी यांनी भास्कराचार्यांची लीलावती फारसीत आणली. त्या भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. अल्-ख्वारिज्मी यांचा मोठेपणा एवढाच, आणि तो थोडा नाही, की लोकांचे विखुरलेले प्रश्न त्यांनी मोजक्या प्रकारांत लावले आणि प्रत्येक प्रकाराला खात्रीची रीत दिली. चांगला प्रोग्राम लिहिणारा आजही दुसरे काय करतो?

इ. स. 850 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. 1145 साली चेस्टरच्या रॉबर्ट यांनी त्यांच्या बीजगणिताचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपातील विद्वान त्यावर शिकले. 1979 साली त्यांच्या मायभूमीत, उरगेंच शहरी, जगातील नामांकित संगणकशास्त्रज्ञांनी अल्गोरिदम या विषयावर परिषद भरवली. 1983 साली सोव्हिएत संघाने त्यांच्या बाराशेव्या जयंतीनिमित्त टपाल तिकीट काढले.

आपल्या पूर्वजांची नावे सांगून छाती फुगवणे सोपे असते. त्यांच्यासारखी मेहनत करणे अवघड असते. आपल्या विद्यार्थ्यांनी व विशेषतः विद्यार्थिनींनी संगणकावर केवळ खेळ व चित्रे न पाहता, आपल्या गावच्या काट्यावरचा, दुकानातला, घरच्या वाटणीचा एखादा खरा प्रश्न हाती घ्यावा, त्याचे प्रकार पाडावेत आणि त्याला रीत द्यावी. अल्-ख्वारिज्मी यांचे खरे स्मरण त्यातच आहे.