एका पात्याने पकडली आरशातली चूक. फुको यांची युक्ती आजच्या दुर्बिणींतही

चांदवड : उन्हाळ्यात भरदुपारी मुंबई-आग्रा महामार्गावर राहुड घाटाच्या दिशेने पाहा. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि समोरून येणारा ट्रक हलल्यासारखा दिसतो. दुर्बिणीतून तारा पाहतानाही वातावरण असाच त्रास देतं. हा दोष चालू निरीक्षणातच दुरुस्त करणाऱ्या तंत्राला 'अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स' म्हणतात. पण दुरुस्तीआधी एक प्रश्न सुटावा लागतो : चूक हवेची किती आणि उपकरणाची किती? ती वेगळी काढण्याची साधी वाट १८५८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑन फुको यांनी दाखवली.

कोण होते फुको?

१८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पुस्तक प्रकाशक. तब्येत नाजूक असल्याने बरंचसं शिक्षण घरीच झालं. डॉक्टर व्हायला निघाले, पण रक्त पाहवेना, म्हणून ती वाट सोडली. हात मात्र कारागिराचे होते. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन इमारतीत ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून त्यांनी पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं लोकांना प्रत्यक्ष दाखवलं. १८५५ मध्ये ते पॅरिस वेधशाळेत रुजू झाले.

अडचण काय होती?

तेव्हा दुर्बिणींचे आरसे धातूचे असत. ते जड होते, लवकर काळे पडत आणि पुन्हा घासले की आकार बिघडे. १८५७ मध्ये फुको यांनी काचेवर चांदीचा पातळ थर दिलेला आरसा वापरला. चांदी काळवंडली तर थर बदलायचा. काचेचा आकार तसाच राहतो.

पण तो आकार अचूक आहे, हे कसं कळणार? प्रकाशाच्या तरंगलांबीच्या काही अंशांएवढा उंचवटाही प्रतिमा बिघडवतो. आणि खऱ्या ताऱ्यावर तपासायला गेलं, तर हवेची थरथर मध्ये येते.

पात्याने काय केलं?

फुको यांनी तारा खोलीतच आणला. दिव्यासमोर बारीक छिद्र ठेवलं की झाला कृत्रिम तारा. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकत्र येतो, तिथे धारदार पातं हळूच सरकवायचं आणि पात्यामागून आरशाकडे पाहायचं. वक्रता सगळीकडे सारखी असेल, तर आरसा एकसारखा अंधारतो. नसेल, तर टेकड्या आणि खड्डे असल्यासारख्या सावल्या दिसतात. मग नेमक्या उंचवट्यावर हाताने पॉलिश, पुन्हा चाचणी, पुन्हा पॉलिश. १८६४ मध्ये मार्से शहरात त्यांची ८० सेंटीमीटर आरशाची दुर्बीण उभी राहिली.

आज याचा उपयोग कुठे?

अडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये पॉलिशचं काम आकार बदलणारा आरसा करतो. त्यामागचे सूक्ष्म दट्टे सेकंदाला शेकडो वेळा हलतात. त्यांचं कॅलिब्रेशन मात्र फुको यांच्याच वाटेने होतं. आधी यंत्रात कृत्रिम ताऱ्याचा प्रकाश सोडतात. मग एकेक दट्ट्या ठरावीक अंतर हलवून सेन्सरवर काय बदललं, याची नोंद करतात. हाच तक्ता उलटा वाचून संगणक ठरवतो, कोणता दोष दिसला की कोणता दट्ट्या किती हलवायचा. तक्ता चुकला, तर दुरुस्तीच नवा दोष बनते. काही मोठ्या दुर्बिणींतला 'पिरॅमिड' सेन्सर तर फुको यांच्या पात्याचंच पुढचं रूप आहे.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्यातील 'आयुका' आणि अमेरिकेतील 'कॅलटेक' यांनी मिळून बनवलेली 'रोबो-एओ' यंत्रणा २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटर दुर्बिणीवर बसली. ही यंत्रणा लेझरच्या मदतीने आकाशातच कृत्रिम तारा तयार करत असे.

फुको यांना अखेरच्या काळात पक्षाघाताने गाठलं. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचं निधन झालं. घरी आरसा घासून दुर्बीण बनवणारे हौशी लोक आजही तीच चाचणी करतात. त्यासाठी दिवा, बारीक छिद्र आणि दाढीचं ब्लेड एवढं पुरतं.