बडोद्याचे पन्नास रुपये आणि धर्मानंद कोसंबी

मुलाने एक अभ्यास अर्धवट सोडून दुसरा धरला की घरात काळजी सुरू होते. अशा वेळी आम्हाला धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. त्यांच्याकडे शेवटपर्यंत कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे विद्वान म्हणून जगाने त्यांना मान दिला. आपल्या बडोद्याचा त्यांच्या आयुष्याशी जवळचा संबंध आहे. तो नव्या पिढीला माहीत असावा म्हणून हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे शाळा फारशी झाली नाही. लहान वयात लग्न झाले आणि घरच्या नारळाच्या बागेचा कारभार अंगावर पडला. मन मात्र त्यात रमत नव्हते. मिळेल ते मराठी पुस्तक ते वाचत. 'बालबोध' मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा असे ठरवले. पण शिकवणार कोण आणि कुठे, याचा गोव्यात पत्ता लागणे शक्य नव्हते.

१८९९ च्या अखेरीस ते घर सोडून पुण्याला गेले. आधी संस्कृत यायला हवे, असा त्यांचा हिशेब होता. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची मदत झाली, पण हवी तशी सोय लागली नाही. मग ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी शास्त्र्यांकडे संस्कृतचा अभ्यास केला. १९०२ मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. तेथील परिस्थिती पाहून निराश झाले आणि बुद्धगयेला आले. पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जावे, असे तेथे त्यांना कळले. मग कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानमार्गाचाही अभ्यास केला.

वाचताना हे सारे रोमांचक वाटते. पण गोव्यात पत्नी बाळाबाई आणि लहानगी मुलगी मागे राहिल्या होत्या. जवळजवळ सात वर्षे त्या माउलीने वाट पाहिली. धर्मानंदांच्या विद्येची मोठी किंमत तिने मोजली, हे चरित्र सांगताना विसरता कामा नये.

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्याला आले, चीवर उतरवून पुन्हा गृहस्थाश्रमात आले आणि पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठातही त्यांना जागा मिळाली. आता संसार स्थिरावेल असे वाटत असतानाच त्यांनी आणखी एक वळण घेतले. आपण शिकलो ते आपल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचले पाहिजे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि ग्रंथ लिहावेत, एवढीच अपेक्षा होती. कलकत्त्यात राहिले असते तर याहून कितीतरी अधिक पगार मिळाला असता. आमचा जन्म बँकेत पगाराचे आणि कर्जाच्या हप्त्यांचे आकडे मांडण्यात गेला. त्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचाच. तरीही त्यांनी बडोद्याचे पन्नास रुपये पत्करले. पुढे बडोद्यात त्यांची व्याख्याने झाली आणि १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक मराठी वाचकांच्या हाती आले.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम होते. श्रेयावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. नंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. स्वतःची शाळा धड न झालेला माणूस प्राध्यापक झाला, तो असा. हार्वर्डच्या कामासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेला गेले. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात आणि रशियात लेनिनग्राडलाही त्यांनी काम केले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवासही सोसला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. हार्वर्डची 'विसुद्धिमग्ग'ची आवृत्ती छापून आली ती १९५० मध्ये. ती त्यांना पाहता आली नाही. त्यांचे चिरंजीव दामोदर हे थोर गणितज्ञ आणि इतिहासकार झाले.

गोवा, पुणे, काशी, नेपाळ, कोलंबो, ब्रह्मदेश, कलकत्ता. नकाशावर ही वाट वेडीवाकडी दिसते. पण प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले आणि एका गावी मिळाले नाही की पुढचे गाव गाठले. घरातले मूल वाट बदलू लागले, तर त्याला आधी एवढेच विचारावे, की बाळा, तुझा प्रश्न कोणता? तो ऐकून घेतल्यावर पैशाचा हिशेब जरूर करावा. मागे राहणाऱ्यांचाही विचार करावा.

धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र साध्या, सरळ मराठीत आहे. सभासदांनी ते अवश्य वाचावे आणि मुलांनाही वाचायला द्यावे, अशी आमची विनंती आहे.